आत्याचा सीन कुठं गेला

शाळेतून रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. मी सिनेमातल्या अशा माणसांच्या मागे लागले, ज्यांना काळं कुत्रंही विचारत नाही. आपल्या नागपुरातच किती निघावीत! इतवारीत एक शिंपी भेटले. त्यांनी मुंबईत सतरा वर्षं हिरोंचे कपडे शिवले, आता साड्यांना फॉल लावतात. मानेवाड्याला एक काका आहेत, ते हिरोच्या वतीनं घोड्यावरून पडायचे. कमरेत सळई आहे, पण गोष्ट सांगताना खुर्चीवरून पडून दाखवतात. अशांकडे जायचं, चहा प्यायचा, ऐकायचं आणि घरी येऊन लिहून काढायचं. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात एकेक लेख छापून येतो. वाचतं कोण, देव जाणे.

या नादाचं मूळ घरातच होतं. माझी आत्या तरुणपणी एका सिनेमात होती. रामटेककडे शूटिंग होतं, आणि हौशी नाटकात कामं करणाऱ्या दोन-चार मुलींना मुंबईच्या लोकांनी बोलावलं. आत्याला अख्खा एक सीन मिळाला. हिरोची आई रुसून उपाशी बसली आहे आणि शेजारीण तिला बळंच जेवू घालते. आत्या ती शेजारीण. घरी आली तेव्हा आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पिक्चर सीताबर्डीवरच्या टॉकीजला लागला तेव्हा मी सातवीत होते. पहिल्या रविवारी बाबांनी सगळ्या घराला नेलं, शेजारपाजारच्यांसकट. आत्या माझ्या आईची जरीची साडी नेसली होती. पडद्यावर हिरोची आई रुसली, तिनं ताट ढकललं, आणि पुढच्या क्षणाला हिरो मोटरसायकलवर! आत्या नाहीच. आम्हाला वाटलं पुढं येईल, म्हणून पार शेवटपर्यंत डोळे ताणून बसलो. बाहेर आल्यावर बाबा हसून म्हणाले, "काहून वं, कुठी गेला तुहा सीन? सपनात शूटिंग केली का?" सगळे खो खो हसले. मीही हसले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवसापासून आत्या म्हणजे 'हिरोईन'. लग्न असो की बारसं, कुणीही उठावं आणि तिला हिरोईन म्हणून हाक मारावी. ती चिडायची नाही, हेच मला सहन व्हायचं नाही. एवढंच म्हणायची, "माहं काम खराब झालं असन, म्हनून डायरेक्टरनं काढून टाकलं." नाटक तिनं सोडलं ते सोडलंच. आता ऐंशी वर्षांची आहे, तरी वाक्य तेच. मी तो पिक्चर मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, कुठं कुठं शोधला. त्याची एकही प्रत उरली नाही म्हणतात. मला एकच गोष्ट हवी होती. तिचं काम खरंच खराब होतं का, हे तो सीन पाहिलेल्या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

गेल्या महिन्यात तो माणूस सापडला. त्याच टॉकीजचे ऑपरेटर, वर केबिनमध्ये बसून मशीन चालवणारे. आता हिंगणा रोडला मुलाकडे राहतात. मी कुणाची कोण हे सांगितलं नव्हतं, नुसती लेख लिहिणारी मॅडम म्हणून गेले होते. म्हातारा बोलका निघाला.

"पिक्चर लंबा असला का चार शो बसत नव्हते, मॅडम. मंग मालक सांगे, एखादं गानं काप. आमी कैचीनं कापो अन् तुकडा डब्यात ठेवो. रिळांची पेटी पुढल्या गावाले जाच्या आंधी तो जागच्या जागी जोडून द्या लागे."

"आणि नाही जोडला तर?"

"अवो, एक डाव त लयच घोळ झाला!" त्यांना सांगण्याआधीच हसू फुटलं. "तुकडा होता सातव्या रिळाचा, अन् म्या जोडला अकराव्यात. पेटी गेली वर्ध्याले. तिथं हिरोची माय मेली, चिता जळली, अन् लगेच शेजारीन ताट घेऊन येते अन् तिले म्हनते, जेव वं माय! पब्लिक शिट्ट्या मारून मारून बेजार!"

ते खोकेपर्यंत हसले. बिस्किट चहात बुडालं आणि मी ते बघत राहिले.

"म्हणजे तो सीन तुम्ही कापला होता? नागपुरात?" मी विचारलं. "मालकानं सांगितलं म्हणून?"

"नाही जी. मालकाले त पता बी नव्हता. त्या पोरीचा भाऊच वर केबिनीत आला होता. सख्खा भाऊ. म्हने, बहिनीचं लगन जुडून राहिलं, पाहुन्यांनी पडद्यावर पाह्यली त मोडन. मले बी दोन बहिनी होत्या. देला कापून."

आत्याला भाऊ एकच. माझे बाबा.

अहो, काय ऐकते आहे मी! ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना रांगेत बसवून तो पिक्चर दाखवला, त्याला आधीच माहीत होतं? आणि वर बाहेर येऊन पहिला तोच हसला? आणि आत्याचं लग्न झालं कुणाशी, तर आमच्या फुवाजींशी, जे दर शुक्रवारी पहिल्या शोला हजर असायचे! बायको पडद्यावर दिसली असती तर त्या माणसानं गावभर पेढे वाटले असते.

मी शेवटचं विचारलं, "काम कसं होतं हो त्या मुलीचं?"

ते हसायचे थांबले. "कापाच्या आंधी तीन डाव पाह्यला म्या तो सीन. मॅडम, कैची चालवाले हात होत नव्हता."

घरी आले आणि हॉलमधल्या बाबांच्या फोटोकडे बघवेना. मला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडणारे बाबा. माझ्या पहिल्या पगारावर रडलेले बाबा. ते गेल्यापासून आत्या दर राखीला येते आणि त्या फोटोला राखी बांधते. तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "मेलेल्या माणसाचं कशाला उकरतेस?" मी ताडकन म्हटलं, "आत्या जिवंत आहे ना!"

चौथ्या दिवशी गेले. ती ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं, वर्ध्याची चितासुद्धा. भावाचं नाव आलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

मग म्हणाली, "तो मानूस काय म्हनला, परत सांग."

"कात्री चालवायला हात होत नव्हता म्हणाले."

"तीन डाव पाह्यलं?"

"तीनदा."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "पिक्चर लागल्यावर पंधरा दिवसांनी त्या डायरेक्टरचं पत्र आलं होतं मले. दुसऱ्या पिक्चरसाठी बलावलं होतं. मोठा रोल होता."

मी थक्कच. घरात याबद्दल मी कधी शब्दही ऐकला नव्हता. "मग गेली का नाहीस गं?"

"मले वाटलं, सीन काढून टाकला म्हनून कीव करून राहिला. जाऊ का नको, समजत नव्हतं. मंग एकाले विचारलं. तो म्हने, जिचं काम कापून फेकलं, तिनं कोनतं तोंड घेऊन जावं?"

"कुणाला विचारलंस?"

"तुह्या बापाले," आत्या म्हणाली. "एवढ्या घरात मी त्यालेच विचारलं, वं."