सूर्याचं वारं

बानूबाईच्या डेऱ्यात लोणी अजून धरलं नव्हतं. रवीची दोरी हातातच होती, तोवर शेजारची रंगुबाई दारात येऊन उभी राहिली. हातात नारळ, त्यावर खण, डोक्यावर नीट घेतलेला पदर.

"हे गं कशाला?"

"तुमच्या प्रगतीला विचारायचं हाय. तिच्या अंगात सूर्याचं वारं येतं म्हणं. माझ्या पोराला रांजणगावच्या कंपनीत कायम करतील का, एवढं विचारते आन् जाते."

बानूबाईचा हात थांबला. हे सगळं तिच्याच तोंडून निघालं होतं. प्रगती पुण्याला विद्यापीठात शिकायची. सुट्टीला आली तेव्हा आईनं विचारलं, नेमकं शिकतीस तरी काय? लेक म्हणाली, सूर्यावरनं वारं सुटतं, त्याचा अभ्यास. आता बानूबाईला ठाऊक असलेलं वारं एकच. मेंढरांमागं फिरत होती तेव्हापासून, या निमोणे गावात बिऱ्हाड टेकल्यावरही, दर यात्रेला तिच्या अंगात बिरदेवाचं वारं यायचं. लेकीला साक्षात सूर्यनारायण पावला, या कौतुकानं ती गिरणीत चारचौघींत बोलून गेली. तेव्हापासून बायका प्रगतीला वाट देऊ लागल्या होत्या, आणि खोटं कशाला सांगा, बानूबाईला ते गोडही लागत होतं.

ओट्यावर तिचा नवरा म्हस्कू सुतळी वळत बसला होता. "ऐकलंस? स्टँडवर बी हेच. म्हस्कूची पोरगी देवऋषीण झाली म्हणत्यात. आता तिला पत्करणार कोण? पुणं पुरं झालं. जूनपासनं घरीच."

प्रगती आतून बाहेर आली ती तोंड पाडूनच. संशोधनाची जागा मिळालेली. जूनला हजर झाली नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

बानूबाईनं तिला जवळ बसवलं. "आधी मला नीट सांग. तुझं वारं देवाचं हाय का न्हाई?"

"न्हाई आई. सूर्य तापलेला हाय. त्याच्यातनं बारीक कण सुटत्यात आन् चहूकडं पळत्यात, त्याला वारं म्हणायचं. लांब जाईल तसं ते निवायला पाहिजे. पण पाहिजे तेवढं निवतच न्हाई. वाटेत ते ऊन होतंय."

"कोण करतं ऊन?" रंगुबाईनं आशेनं विचारलं.

"त्याचं तेच, मावशी. त्यात भोवरे असत्यात. मोठा भोवरा फुटून त्याचे लहान होत्यात, लहानाचे आणखी बारीक. शेवटी फिरणं जिरून जातं आन् ऊब उरती. ते जिरणं नेमकं कसं, तेच अजून पुरतं कळलेलं न्हाई."

बानूबाईनं डेऱ्यात बघितलं. "घुसळून ऊन होतंय म्हण की."

"तसंच काहीसं. पण लई पातळ. लाखभर अंशाचं असून बी हाताला चटका लागायचा न्हाई."

"आमच्या सुनेच्या ताकावानी," रंगुबाई म्हणाली. "नावाला ताक!"

मायलेकी हसल्या. म्हस्कू हसला नाही. "तिथं जाऊन बघतं कोण?"

"यान गेलंय आप्पा. ते आकडे धाडतं, आम्ही कॉम्प्युटरवर लावून बघतो."

"आन् जन्मभर बघून न्हाई कळलं तर?"

"तर कुठवर गेलो ते लिहून ठेवायचं. मागनं येणारा त्या वाटेनं फुकट जाणार न्हाई."

म्हस्कूची सुतळी मांडीवरच राहिली. त्याचा बाप कळपाच्या पुढं दिवसभर चालून जायचा आणि तिन्हीसांजेला परत येऊन म्हणायचा, पुढं पाणी न्हाई. त्याची पायपीट वाया गेली असं धनगरवाड्यावर कुणी कधी म्हटलं नव्हतं. सकाळी मेंढरं दुसऱ्या अंगाला वळायची, एवढंच.

"ते ठीक हाय," तो म्हणाला. "पण गावाचं तोंड कोण धरणार?"

बानूबाईनं दोरी खाली ठेवली. उद्या गिरणीत बायका कशा तोंडाला पदर लावतील ते तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "रंगुबाई, पोरीच्या अंगात काई येत न्हाई. मीच उमजले न्हाई आन् बोलून बसले. गावात सांगशील तवा माझंच नाव घे. तो नारळ बिरदेवाम्होरं फोड, पोराचं गाऱ्हाणं त्यालाच घाल."

"म्हंजी सूर्याला काईच सांगायचं न्हाई?"

"सकाळी पाणी सोड की! त्याला कुठं कुणाची बंदी हाय?"

रंगुबाई खट्टू होऊन निघाली. पण कोपऱ्यावर दोघीजणी दिसताच तिची चाल वाढली.

म्हस्कूनं सुतळी पुन्हा हातात घेतली. प्रगतीकडं न बघताच म्हणाला, "पुण्याला निजायला काय हाय तुला?"

"जुनीच गादी, आप्पा. चेपलीय पार."

बानूबाईनं रवीची दोरी लेकीच्या हातात दिली आणि फडताळामागचं कापसाचं गाठोडं ओढून काढलं. जूनच्या आत शिरूरला पिंजाऱ्याकडं नवी गादी भरायला टाकायची होती.