डाव्या बाजूची दरी

हर्षा गजभिये मूळची नागपूरची. सिंगापुरात क्लेमेंटीला राहायची आणि जवळच्याच विद्यापीठात भाताच्या बियाण्यावर संशोधन करायची. स्वभाव सावध, घराबाहेर पडताना गॅस बंद केलाय ना, हे दोनदा बघणारी. नवरा रत्नदीप नेमका उलटा. आठवडाभर आंग मो किओतल्या कंपनीत सर्किटं तपासायची आणि रविवार उजाडला की मॅकरिचीच्या जंगलात चालायला पळायचं. "सगळं आहे या गावात, फक्त डोंगर नाही," असं तो नेहमी म्हणायचा.

२०१४ च्या मे महिन्यात हर्षाला फ्रान्समध्ये परिषदेला जायचं होतं. रत्नदीपनं रजा टाकली. परिषद संपल्यावर अल्सास भागातले पडके किल्ले आणि खालची द्राक्षमळ्यांची गावं दिवसभर पायी बघायची, असं ठरलं.

निघण्याआधी तो दाराच्या चौकटीवर दोनतीनदा आपटला होता. डाव्या दंडावर काळंनिळं झालं होतं. "घर लहान झालंय," म्हणून तो हसला होता.

त्या दिवशी सकाळी ते रिबोविले गावातून चढाला लागले. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. वाटेवरच्या झाडांवर लाल पट्टे रंगवलेले होते; ते बघत वर जायचं. पहिल्याच फाट्यावर रत्नदीप सरळ उजवीकडे निघाला.

"अरे, पट्टा इकडे आहे," हर्षा म्हणाली.

"कुठं? मला नाही दिसला."

डावीकडच्या झाडावर पट्टा ठळक होता, हाताएवढा. पुढच्या फाट्यावरही तेच झालं. तिसऱ्या वेळी ती मुद्दाम गप्प राहिली. तो पुन्हा चुकला. आता तिला चढामुळे नव्हे, दुसऱ्याच कशामुळे तरी धाप लागली.

किल्ल्यात चिटपाखरू नव्हतं. छप्पर गेलेल्या दालनात कावळे तेवढे ओरडत होते. रत्नदीप लहान मुलासारखा खूश होऊन तुटक्या तटावर चढला आणि फोटो काढत चालू लागला. तट डावीकडे ढासळलेला होता. कठडा नाही, खाली थेट दरी. त्याचं पाऊल हळूहळू डावीकडे सरकत होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. हर्षानं धावत जाऊन त्याची पाठपिशवी धरून मागे खेचलं. एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"काहून ओढते असं? पडलो असतो ना दोघं!" तो चिडला.

"डावीकडे बघ."

त्यानं मान पूर्ण वळवली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे... आत्ता नव्हतं इथं," तो म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्या डाव्या बाजूनं चालली. जिथं दरी होती तिथं दरीच्या कडेनं. तो दगडांविषयी, बुरुजांविषयी बोलत होता. तिला एक शब्द ऐकू येत नव्हता.

दुपारी उनावीर नावाच्या गावात पोचले. खिडक्यांत लाल फुलं, रस्त्यावर माणूस नाही. चर्चची घंटा वाजत होती. एका छोट्या खानावळीत म्हाताऱ्या मालकिणीनं कांदा घालून भाजलेली पातळ रोटी आणली. रत्नदीप भूक लागल्यासारखा खाऊ लागला. खाऊन झाल्यावर त्यानं सुरी खाली ठेवली.

"मस्त होतं. संपलं पण लगेच. अजून एक मागवायचं?"

ताटात डावीकडची अर्धी रोटी तशीच होती.

हर्षानं ताट फिरवलं. तो ताटाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मालकीण गल्ल्यापाशी उभी राहून दोघांकडे बघत होती. तिनं पाण्याचा जग आणून ठेवला आणि जाताना हर्षाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

"हर्षा, काय होतंय मला?"

"थकलायस तू," ती म्हणाली. पुढचा किल्ला त्यांनी सोडून दिला, सरळ टॅक्सी बोलावली. दुसऱ्याच दिवशीचं विमान पकडून ते परतले.

सिंगापुरात स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागे, गाठ. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "गाठ कॅन्सरची वाटत नाही, पण मोठी आहे. ही किती वर्षं वाढतेय, सांगता येणार नाही." शस्त्रक्रियेच्या दिवशी हर्षा बाहेरच्या खुर्चीत बसून होती. नागपूरहून सासूबाईंचे फोन येत होते. ती उचलत नव्हती, कारण सांगण्यासारखं अजून काही नव्हतं.

रत्नदीप वाचला. डाव्या बाजूची नजर मात्र पुरती परत आली नाही. काही महिन्यांनी तो कामावर जाऊ लागला. एमआरटीच्या मेट्रो गाडीत गर्दीचे धक्के खात, मान वळवून वळवून बघत.

घरी कुणी आलं की तो अल्सासचे फोटो दाखवतो. "आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता," असं सांगतो आणि पुन्हा जायचं म्हणतो. हर्षा नाही म्हणत नाही. पण तटावरचा फोटो आला की ती उठून चहा टाकायला जाते.