नाही म्हणणाऱ्याच्या घरचा चहा

आमच्या गावचं हायस्कूल चालवणाऱ्या समितीत सातवीच्या पुढे कुणीच गेलेलं नव्हतं, पण शाळेतल्या प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाचं ठाम मत असे. ऊसतोडीच्या दिवसांत शाळा सकाळची भरवावी की दुपारची, मुलांनी प्रार्थना डोळे मिटून म्हणावी की उघडे ठेवून, विज्ञानाच्या मास्तरांनी बरणीत घालून ठेवलेला बेडूक वर्गात ठेवावा की व्हरांड्यात, सगळं समितीत ठरायचं. एकट्या बेडकावरच दोन बैठका झाल्या होत्या. तुम्हाला हसू येत असेल तर येऊ द्या. पण या माणसांनी शाळेचे दगड स्वतःच्या बैलगाडीतून ओढून आणले होते आणि कौलं स्वतः वर चढून शाकारली होती. बेडकावर बोलायचा त्यांना पूर्ण हक्क होता, असं माझं आजही मत आहे.

अध्यक्ष होते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते बैठकीलासुद्धा इस्त्रीचा सदरा आणि पॉलिश केलेले बूट घालून येत. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, उसाचे शेतकरी. बोलायला तिखट आणि डोक्यानं चलाख. तिसरे एक निवृत्त तलाठी. त्यांचा जन्म बहुधा नाही म्हणण्यासाठीच झाला होता. आणि चौथे हवालदार. तेही फौजेतलेच, पण ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतले. शाळेच्या पायासाठी सगळी वस्ती राबली होती, तेव्हा तिथला एक माणूस समितीत हवाच, असा आग्रह सुभेदारांनी धरला होता. आणखी दोघे-तिघे होते, पण ते नुसती मान हलवायचे. त्यांना या गोष्टीत आणायचं कारण नाही.

समितीत हात वर करून मतं मोजायची पद्धत नव्हती. हरलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून शाळेकडे पाठ फिरवतो, हे आमच्या गावाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून सगळे 'व्हय' म्हणेपर्यंत काहीच ठरायचं नाही. अर्थात तलाठ्यांमुळे काहीच ठरेना. तेव्हा आबांनी एक युक्ती काढली. ज्याचं 'नाही', त्याच्या ओसरीवर पुढची बैठक, आणि चहाही त्याचाच. तलाठी अतिशय चिकट. दोनदा सगळ्या समितीला चहा पाजावा लागल्यावर त्यांची बरीचशी मतं मवाळ झाली. आबा या युक्तीवर इतके खूश होते की पाहुण्यारावळ्यांनाही ती सांगत सुटायचे.

आबांची आणखी एक खोड होती. कुणाच्याही घरी चहा प्यायले की पहिल्या घोटाला म्हणायचे, "साखर कमी हाय." गुळाच्या काकवीइतका गोड चहा असला तरी हेच. घरच्या बायकांनी काय ते समजायचं आणि हसायचं. आबांनी साखरेबद्दल कुरकुर केली नाही, तर त्यांना चहा आवडला नाही असं धरलं जाई.

बैठक आमच्या घरी असली की आई कपबश्या मांडायची आणि मी त्या बाहेर न्यायची. हवालदारांचा कप वेगळा होता. ओसरीच्या कोनाड्यात तो पालथा असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. त्यात चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की ते स्वतः तो विसळायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, तो त्यांचा आवडता कप आहे. सुभेदारांच्या घरीही त्यांचा असाच एक कप होता, तेव्हा मला वाटलं, या माणसाला किती ठिकाणी आपला कप राखून ठेवलाय. मोठी झाल्यावर कळलं, आणि कळल्यानंतरही मी तसाच वरून ओतत राहिले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नवी पद्धत नुकतीच आली होती. मी आठवीत होते. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून घरी बसल्या, दोघींची तर लग्नंही झाली. शाळेत सगळे पुरुष मास्तर आणि मागच्या बाकांवर मिसरूड फुटलेली मुलं. आबांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "बाई मास्तर आली तर नववीत जाशील. न्हाईतर आईच्या हाताखाली. उगं रडायचं न्हाई." मी रडले नाही. पण रोज शाळेतून येताना एसटीच्या थांब्यावर एखादी अनोळखी बाई उतरते का, ते बघायचे. आमचं गाव सडकेपासून आत. तिथे कोण येणार?

आणि एक बाई यायला तयार झाल्या. मेढ्याकडच्या, साताऱ्यात शिकलेल्या, बी.एड. झालेल्या. आमच्या ओसरीवर मुलाखतीला आल्या तेव्हा त्यांनी समितीलाच दोन प्रश्न विचारले. मुलींसाठी शाळेत आडोसा आहे का, आणि ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप का? समिती गारच झाली. तलाठ्यांनीसुद्धा व्हय म्हटलं. मी दाराआड उभी होते, तिथल्या तिथे उड्या मारायच्या बाकी होत्या.

बाई गेल्यावर त्यांच्या राहायच्या खोलीचा प्रश्न निघाला. बाईंचं आडनाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं. कुणाची खोली गळत होती, कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाची म्हातारी आजारी होती. शेवटी आबाच म्हणाले, आणि मनात वाईट हेतू न ठेवता म्हणाले, हे मी शपथेवर सांगेन, "हवालदार, तुमच्यात बघा की एखादी खोली. तुमचीच मानसं हायती, बाईलाबी बरं वाटंल."

हवालदारांनी चहा संपवला. कप विसळला, कोनाड्यात ठेवला. मग म्हणाले, "बाई शाळेची हाय का वस्तीची?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

"शाळेची आसंल तर गावात ऱ्हाईल. न्हाईतर माझं न्हाई."

इतक्या वर्षांत हवालदारांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. बेडकाला नाही, शाळेच्या वेळेला नाही, कशालाच नाही. सगळे म्हणायचे, हवालदार भला माणूस, कधी आडवा येत नाही. त्या दिवशी मला त्याचं कारण कळलं. ते नाही म्हणाले असते, तर नियमानं बैठक त्यांच्या घरी न्यावी लागली असती. त्या माणसानं इतकी वर्षं आपली सगळी मतं गिळली होती, कारण त्यांच्या घरचा चहा कुणी घेणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांना बघायचं नव्हतं. आबांनी नियम केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त तलाठ्यांचा चिकटपणा होता. हवालदारही कधी नाही म्हणू शकतील, हे त्या चलाख डोक्यात आलंच नव्हतं.

सुभेदारांनी घसा खाकरला. "ठीक हाय. पुढची बैठक हवालदारांच्यात."

"आन पोरींसाठी बाई आणताय," हवालदार निघता निघता म्हणाले, "तर एक पोरगी तरी ऐकायला आसू द्या. आबा, तुमचीला आना."

अशी मी पहिल्यांदा ओढा ओलांडून त्यांच्या घरी गेले. सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी हवालदारांचा वर्दीतला फोटो. घोंगडी अंथरलेली. सगळे बसले, पण मांडी पुरी कुणीच घातली नाही.

"चहा केल्याला न्हाई," हवालदार म्हणाले. "तुमाला अडचणीत घालायचं न्हाई. बोलून मोकळं हू."

"नियम म्हंजे नियम," सुभेदार म्हणाले. "चहा न्हाई तर बैठक भरलीच न्हाई. आवं, फौजंत एका लंगरात जेवलोय आपुन."

"ते तिकडं, सुभेदारसाब. हिकडं कोनाडा हाय."

सुभेदारांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिले. बूट उंबऱ्याबाहेर काढलेले होते. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "वैनी, चहा टाका. सगळ्यास्नी."

चहा आला. पितळी फुलपात्रं होती, एकसारखी, घासून लखलखीत. हवालदारांनी स्वतःही त्यातलंच एक घेतलं. सुभेदारांनी दोन घोटांत संपवला, औषध घ्यावं तसा. मी तर केव्हाच प्यायले होते, कारण मला तहान लागली होती आणि चहा छान आल्याचा होता. राहिले आबा. त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली. नियम त्यांचा, खोलीची सूचनाही त्यांचीच, त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मला आबांची कीव आली आणि रागही आला. मनातल्या मनात मी म्हणत होते, प्या की हो आबा, माझी नववी आहे त्यात.

आबांनी माझ्याकडे बघितलं. माझं फुलपात्र रिकामं होतं. त्यांनी साय बोटानं बाजूला केली आणि एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

आतल्या दाराशी हवालदारांच्या कारभारीण उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या बैठकीला जादा घालीन, आबा."

पहिल्यांदा तलाठी हसले. मग सगळेच. मांड्या नीट घातल्या गेल्या. आणि हसू ओसरायच्या आत आबा म्हणाले, "खोली माझ्यात हाय. ओसरीच्या अंगाची. फवारणीचा पंप तेवढा काढला की झालं."

"मग माझं व्हय," हवालदार म्हणाले.

घरी येताना आबा छाती पुढे काढून चालत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. "तितं जाऊन चहा पिऊन आलासा व्हय? मग कोनाड्यातला कप आता कुणाला देऊ, तुमाला?"

आबांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"आन खोली दिली म्हनं. कुणाला इचारून?" आई पुढे म्हणाली. "घर सारवायचं मी, पानी भरायचं मी. माझं न्हाई."

आई माझ्या बाजूची असेल असं मी गृहीत धरलं होतं. आबांनी बाबापुता केलं, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते सुभेदारांकडे गेले तर सुभेदार म्हणाले, "वैनींचं न्हाई हाय? मग बैठक तुमच्यात. चहा वैनींचा." आबांचा नियम आता आबांच्याच चुलीपर्यंत येऊन पोचला होता.

समिती आमच्या ओसरीवर जमली. आई कधी बैठकीत बाहेर आलेली नव्हती. त्या दिवशी ती स्वतः ताटात कप घेऊन आली. मी कोनाड्याकडे बघितलं. तो रिकामा होता. ताटात सगळे कप एकाच जातीचे, पाहुण्यांसाठी ठेवलेले. हवालदारांच्या पुढे आई जरा थांबली, मग तिनं कप खाली ठेवला आणि पदर सावरला.

"बोला वैनी," सुभेदार म्हणाले.

आई खांबाला धरून उभी राहिली. "बाई येऊ द्या. माझ्या घरात ऱ्हाऊ द्या. लोक चार दिस बोलत्याल, बोलू द्या. पन ह्यांनी पोरगीला नववीत घालीन म्हटलंय. दहावीचं कुनीच बोलत न्हाई. मी माझ्या घराची खोली दिऊ, गावाची बोलनी खाऊ, आन वरसानं ह्यांनी पोरगी काडून लगीन लावलं, तर मला काय मिळालं? पोरगी दहावी पास होईस्तवर लग्नाचं नाव काडायचं न्हाई. ते हितं सगळ्यांच्या म्होरं ठरवा. तवर माझं न्हाई."

मी आईला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला तिच्याकडे धावत जावंसं वाटत होतं, पण जागचं हलता येईना.

"माझं व्हय," हवालदार लगेच म्हणाले. सुभेदार म्हणाले, व्हय. तलाठ्यांनी नाही म्हणायचं सुख सोडून व्हय म्हटलं. मान हलवणाऱ्यांनी माना हलवल्या. मग सगळे आबांकडे वळले.

आईनं एका दिवसात सगळं सोडलं, असं मी म्हणणार नाही. बाई राहायला आल्यावर कितीतरी महिने त्यांची कळशी वेगळी होती. बाई ते बघत आणि काही बोलत नसत. पुढे ती कळशी केव्हा आमच्या कळशांत मिसळली, ते मला आठवत नाही. बाईंनी ग्रंथालयाचं कुलूप काढायला लावलं. मी नववीत गेले, दहावी झाले, आणि पुढे दुसऱ्यांच्या मुलींना शिकवत जन्म काढला. पण माझ्या मनात शाळा म्हटलं की वर्ग येत नाही, ती ओसरी येते.

त्या बैठकीत आबांनी आधी आईकडे बघितलं. आई खांबाला धरून होती. शेवटी ते खाली बघूनच म्हणाले, "व्हय." आणि कप उचलून चहा प्यायले, शेवटच्या घोटापर्यंत. त्या दिवशी ते साखरेबद्दल काहीच बोलले नाहीत.