पाठीवरचा भंडारा

खंडोबाची कृपा झाली असं मी चारचौघांत सांगते. पण ती होताना मी कशी वागले, ते घराबाहेर आजवर सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात माझा एकुलता एक मुलगा बाळू तापानं फणफणला. मान ताठ झाली, बरळू लागला. बिडकीनहून त्याला शहरात, क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात आणलं. ताप मेंदूत गेलाय, पण कशामुळं, हे पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यावरच पुढचं औषध ठरेल, असं डॉक्टर म्हणाले. बाळूचं अंग भरलेलं, कण्याची हाडं बोटांना लागेनात. दोनदा सुई घातली, दोन्ही वेळा पाणी आलं नाही. त्या सगळ्या वेळात तो एकाच माणसाला हाक मारत होता, आणि ती मी नव्हते.

वर्षा माझी सून, सिल्लोडकडची. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी तिचा हेवा करते. तिच्यात काही खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. उपास नाही, जागरण नाही, देवापुढं नुसते हात जोडते. मी लग्नापासून खंडोबाचा रविवार धरते. तरी माझ्या लेकरानं शुद्ध हरपताना तिचंच मनगट धरलं, आणि मी त्याच्या पायाशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्या. पाठीवरून ते फिरवत त्यांनी पडद्यावर दोन हाडांमधली फट शोधली आणि तिथं पेनानं फुली मारली. याला आता हलू देऊ नका, असं सांगून हात धुवायला गेल्या. वर्षानं त्याचे गुडघे पोटाशी घेऊन त्याला समोरून कवटाळून धरलं होतं. पाठ तेवढी माझ्या वाट्याला आली होती. पदराच्या गाठीत खंडोबाचा भंडारा होता. मी अंगठा ओला करून ती हळद नेमकी फुलीवर चोळली. मनात म्हटलं, देवा, याला बरा कर, पण माझ्या हातानं कर. शाई आणि हळद एक झाली आणि फुली दिसेनाशी झाली.

बाई आल्या तोवर मशीन दुसऱ्या पेशंटकडं गेलं होतं. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. मी पिवळा अंगठा पदरात लपवला.

वर्षा म्हणाली, "माझ्याच हातून झालं, मॅडम."

बाई तिला चार शब्द बोलल्या, तिनं ऐकून घेतले. मला लाज वाटली, पण त्याच्याही आधी हेवा वाटला. चांगुलपणातसुद्धा हीच पुढं.

मशीन परत यायला पाऊण तास लागला. त्यात बाळूला झटका आला, डोळे पांढरे झाले. तेव्हा माझी सगळी मिजास उतरली. खंडोबाराया, कुणाच्याही हातानं कर, तिच्याच हातानं कर, एवढंच मी घोकत राहिले. बाईंनी पुन्हा फट शोधली, पुन्हा फुली मारली, आणि पहिल्याच सुईला थेंब थेंब पाणी आलं. तपासणीत टीबी निघाला. औषध बदललं आणि हळूहळू ताप उतरला.

घरी आल्यावर मी वर्षाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मला दिसलं व्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. "पर ह्यांना सांगू नका. लई जिवाला लावून घेतील."

तरी मी बाळूला सांगितलं. ते झाकून देवापुढं उभं राहवेना. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं मान वर करून पाहिलं ते वर्षाकडं, माझ्याकडं नाही. आतून जळाले, खोटं कशाला बोलू? पण पांढरे झालेले ते डोळे पुन्हा कुणाकडं तरी बघत होते, आणि त्या दिवसापासून मी देवाकडं काही मागितलेलं नाही.