समुद्राकाठी माळकऱ्याचं ताट

मे महिन्यात आमच्या पारनेर तालुक्यात दशमी खराब होत नाही. कडक होते, कडा वर येतात, तिसऱ्या दिवशी चहात बुडवून खावी लागते. पण तिला बुरशी येत नाही. ही गोष्ट मला इतकी पक्की ठाऊक होती की, कोकणात जाताना मी तिच्यावरच सगळा हिशेब बेतला. वडिलांना एका वेळेला दोन दशम्या लागतात. दिवसातून दोन वेळा, चार दिवस, आणि वर चार जादा. बायकोने दुधात पीठ भिजवून वीस दशम्या केल्या, मी त्या धुतलेल्या पंच्यात बांधल्या. सोबत लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, आणि दादांचं स्वतःचं ताट, तांब्या, वाटी.

दादा म्हणजे माझे वडील. ते माळकरी. मी सातवीत असताना गावातल्या सप्ताहात त्यांनी आणि आईने एकाच दिवशी, एकाच महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून घरात मटण शिजलं नाही. नुसतं एवढंच नाही. जिथे मटण शिजतं त्या भांड्यातलं, त्या चुलीवरचं दादा काही खात नाहीत. मी माळ घातली नाही. मित्राच्या मळ्यावर जाऊन खायचो, अजूनही खातो. आईला ते कळायचं. मी परत आलो की ती आंघोळीचं पाणी काढायची.

आई कार्तिकात गेली. तिची माळ तिच्याबरोबर सरणावर गेली. त्यानंतर दादांचं खाणं कमी होत गेलं. त्यांना साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. मार्चमध्ये ते गोठ्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी वजन केलं, ते एकावन्न किलो भरलं. दिवाळीच्या आधी साठ होतं. डॉक्टर मला म्हणाले, "गोळी घेतात आणि जेवत नाहीत, हे फार वाईट. गोळी साखर खाली ओढणारच. पोटात काही नसेल तर माणूस एखाद्या दिवशी उठायचा नाही. थोडं कुठे बाहेर न्या, मन रमेल, जेवतील."

मी दूध शीतकरण केंद्रावर नोकरीला आहे. मे महिन्यात दुधाची आवक कमी असते, म्हणून रजा मिळाली. दादांनी शहात्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. बायको दादांना मामा म्हणते. ती म्हणाली, "मामांना समुद्र दाखवू." दादा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी हो धरलं.

वाटेत काही अडचण आली नाही. घाटावर दर दहा-वीस किलोमीटरला 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी दिसते. दादांनी एका ठिकाणी आत जाऊन स्वयंपाकघर बघितलं आणि मग चहा घेतला. घाट उतरलो, हवा बदलली. अंगाला सदरा चिकटायला लागला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी गाडी चालवत होतो.

ज्या गावात उतरलो ते पर्यटकांचं गाव. सगळीकडे नारळ, केळी, जीपगाड्या, होड्यांच्या फेऱ्यांचे फलक. एका घरगुती निवासात खोली घेतली होती. मालकीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. पहिल्या रात्री दादांनी दोन दशम्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पंचा सोडला आणि तशीच बसून राहिली. मी वाकून बघितलं. दशम्या मऊ, ओलसर झाल्या होत्या, आणि वरच्या थरापासून खालपर्यंत हिरवट-पांढरी लव उगवली होती. मी एकेक उलटून बघितली. चांगली एकही निघाली नाही.

"अहो, चार दिवस टिकतात म्हणालात ना?"

"घरी टिकतात," मी म्हणालो.

शेंगदाणेसुद्धा सादळले होते. दादांनी तेच मूठभर चावले, गोळी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. "काय न्हाई, भूक न्हाई मला," म्हणाले.

मग मी आणि बायको दादांसाठी जेवण शोधायला निघालो. पहिलं हॉटेल समुद्राच्या रस्त्यावर. दारात भल्यामोठ्या पापलेटचं चित्र, त्याखाली बारीक अक्षरात 'शाकाहारी जेवण मिळेल'. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "व्हेज आहे ना. डाळ, भात, बटाट्याची भाजी, सोलकढी."

"कढई वेगळी असते का?" मी विचारलं.

"साहेब, कढई कसली वेगळी? आचारी एक, तेल एक, मालकपण एकच." तो हसला. मग बायकोकडे बघून जरा नरमला. "उपास आहे का कुणाचा?"

"सासरे माळकरी आहेत," ती म्हणाली.

"मग खोटं नाही सांगत, वहिनी. इथे नका आणू."

त्याने एसटी स्टँडजवळच्या हॉटेलचा पत्ता दिला. तिथे फक्त इडली-डोसा मिळतो, मालक स्वतः मासे खात नाही, असं सांगितलं. आम्ही दीड किलोमीटर चालत गेलो. शटर खाली होतं. वर कागद चिकटवलेला, घरच्या लग्नकार्यासाठी हॉटेल आठ दिवस बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "देवळात बघा." देवळातले गुरव म्हणाले, महाप्रसाद उत्सवालाच असतो. पुढे आणखी तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी मुलीने 'प्युअर व्हेज' असं ठासून सांगितलं, आणि तिच्या मागच्या दारात बाई कोळंबी सोलत बसली होती. बायको माझ्याकडे बघायला लागली. मला काय वाटलं ते मी सांगतो. मला वाटलं, दादा इथे नाहीत, त्यांनी हे बघितलेलं नाही. तिने ते ओळखलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मी त्यांना वाढताना तोंडाकडे बघू शकणार नाही."

आम्ही परत फिरलो. गावात खायला कमी नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यावर आंबे, फणसाचे गरे, वेलची केळी, काजू. सगळं माळकऱ्याला चालण्यासारखं, आणि जवळजवळ सगळं साखरेच्या माणसाला वर्ज्य. मी शहाळं आणि काकड्या घेतल्या.

बायकोने मालकीणबाईंना विचारलं, मला जरा गॅस द्याल का? हंगाम होता, घरात अठरा माणसं जेवायला. तरी त्यांनी दुपारचं आवरल्यावर एक शेगडी दिली, माळ्यावरून कोरं पातेलं काढून दिलं. बायकोने मूगडाळीची खिचडी केली. दादांच्या ताटात वाढली. त्यांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातातच धरून ठेवला.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई. चांगली झाली." घास परत ताटात ठेवत म्हणाले, "सूनबाई, हितल्या पान्यालाच वास हाय गं. तुझा दोस न्हाई." आणि ताटात हात धुतला.

त्या दिवशी आम्हीही नीट जेवलो नव्हतो. शेजारच्या पडवीत लोक तळलेली सुरमई खात होते, वास आमच्या खोलीत येत होता. दादा खिचडीवरून उठल्यावर आम्हाला घास उतरेना. राहिलेली खिचडी झाकून ठेवली, ती संध्याकाळपर्यंत आंबली.

ऊन उतरल्यावर दादांना समुद्रावर नेलं. ते काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"लई पानी हाय," म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आईला भ्या वाटलं आसतं."

एवढंच. नंतर ते वाळूत बसले ते एकदम बसले. मी हात धरला तर तळवा गार आणि घामाने ओला. डोळे उघडे, पण ओळख नाही. बायकोने पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या गालात सोडली, वर शहाळ्याचं पाणी पाजलं. आजूबाजूची मुलं उंटावर बसून फोटो काढत होती. दहा-पंधरा मिनिटांनी दादा म्हणाले, "मी हितं कवा आलो?"

खोलीवर आल्यावर ठरवलं की सकाळी निघायचं. घाट चढला की शाकाहारी हॉटेल लागेल, तोवर काकडी आणि शेंगदाण्यांवर न्यायचं. दादांनी सगळं ऐकलं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सकाळी मी गाडीत पिशव्या ठेवत होतो. दादा आंघोळ करून पडवीत आले आणि इतर पाहुण्यांच्या ओळीत पाटावर बसले. मालकीणबाई घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढत होत्या. दादा म्हणाले, "मला बी वाढा बाई."

बायकोच्या लक्षात आधी आलं. "अहो," तिने मला हाक मारली, "मामांचा गळा बघा."

गळा मोकळा होता. माळ जिथे असायची तिथे कातडीवर फिकट रेघ होती, बाकी मान उन्हाने काळी.

"दादा, माळ?"

"ठिवली. गोळ्यांच्या डबीत."

"कशापायी?"

"जेवायचं हाय मला."

मालकीणबाई पळी धरून थांबल्या. "काका, आज सोमवार. आज आमच्या घरात मासे करत नाहीत. सगळं धुऊन घेतलंय. माळ असू दे की गळ्यात."

"भांडं त्येच हाय न्हवं?"

"भांडं तेच."

"मंग खोटं कशाला? वाढा तुमी."

मी पाटाशेजारी बसलो. म्हणालो, "आपण निघालोच आहोत. दोन-तीन तास कळ काढा. घरी गेल्यावर हवं तर सप्ताहात पुन्हा घालू." एकदा काढलेली माळ आपल्या हाताने घालता येत नाही, महाराजांकडून घालून घ्यावी लागते, ते दादांनीच मला लहानपणी सांगितलं होतं.

दादांनी घावण्याचा तुकडा मोडला. "काल ही पोर उन्हाची गावभर हिंडली. तू हिंडला. दोघंबी उपाशी निजलात, माझ्यामुळं. आन मी त्या वाळूत पडलो आसतो तर मला घिऊन कुटं गेला आसतात?" मग ताटाकडे बघत म्हणाले, "आमी दोघांनी घातल्ती रं. तिची तिच्यासंगं गेली. येकट्यानं काय सांभाळायची?"

त्यांनी चार घावणे खाल्ले. उसळ दोनदा घेतली. बायको आत निघून गेली. मालकीणबाईंनी पैसे घेताना दादांच्या जेवणाचे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तरी नाही.

आकड्यांनी बोलायचं तर सहल उपयोगी पडली. दादा त्यानंतर वेळेवर जेवतात. कुठेही जेवतात. बाजारात भजी खातात, मी नेईन त्या हॉटेलात बसतात, स्वयंपाकघर बघायला आत जात नाहीत. गणपतीनंतर वजन छप्पन्न किलो भरलं. साखर आटोक्यात आहे. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "सांगितलं नव्हतं, बाहेर न्या म्हणून?" बायको घरी त्यांची भांडी अजून वेगळ्या फळीवर ठेवते. मी तिला एकदा म्हणालो, आता गरज नाही. ती म्हणाली, "असू दे."

एकादशीच्या भजनाला ते जायचे थांबले. पेटीवाला बोलवायला आला होता, तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे आधीपासूनच दुखत होते.

मागच्या महिन्यात भावकीत जागरणाचं जेवण होतं. आमच्याकडे अशा जेवणात माळकऱ्यांची पंगत आधी आणि वेगळी बसते. त्यांचं जेवण वेगळ्या चुलीवर होतं. ती उठली की मग मटणाची पंगत. दादा चाळीस वर्षं त्या पहिल्या पंगतीत, मांडवाच्या डाव्या अंगाला, खांबाजवळ बसायचे. पुकारा झाला, "माळकरी उठा, माळकरी बसून घ्या." म्हातारी माणसं उठली. दादा माझ्याशेजारी सतरंजीवरच बसून राहिले. खांबाजवळ दुसरं कोणी बसलं.

मी हळूच म्हणालो, "जा ना दादा. तिथे कोण विचारणार आहे?"

"मला ठाव हाय न्हवं," ते म्हणाले.

दुसऱ्या पंगतीला ते माझ्यासोबत बसले. रश्श्याची बादली आली. त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. समोर त्यांच्याच वयाचे एक चुलते बसले होते. ते हसून म्हणाले, "काय गड्या, माळ टाकली म्हनं समुद्रात! मंग आता लाजतोस कुनाला? घे की रस्सा."

"माळ काढली," दादा म्हणाले. "त्वांड त्येच हाय."

सगळे हसले. दादाही थोडे हसले. मी उठून पहिल्या पंगतीच्या चुलीवरून वांग्याची भाजी आणायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "ती माळकऱ्यांची हाय," म्हणाले. मग वाढप्याकडून एक भाकरी, कांदा आणि मीठ मागून घेतलं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सगळी भाकरी संपवली. माझ्या पत्रावळीवर रस्सा वाढलेला होता. तो मी तसाच ठेवला.