गुणांची हलती ओळ

मूल गावच्या बाजारात जुने टीव्ही दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. त्याचं नाव मी विचारलं नाही. लहानपणी दादा आणि मी ज्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळायचो, ते मी भंगारातून सोडवलं होतं. त्याचा अंधुक झालेला मॉनिटर म्हाताऱ्याकडे नेला.

फुगलेला कपॅसिटर एकच होता, पण त्याने तेवीसच्या तेवीस बदलले. "एक गेला का बाकीचेबी जाऊनच राह्यले समजा." विजेचा झटका छातीतून जाऊ नये म्हणून तो डावा हात पाठीमागे धरून काम करत होता.

चित्र सुरू झालं, अगदी स्थिर. मी पडद्याच्या वरच्या कडेकडे बघत राहिलो.

"काऊन भाऊ, पसंत नाई?"

"पूर्वी वरची गुणांची ओळ हलायची."

"मंग तुमचं लहानपणच बिघडलेलं होतं! मी काय करू?"

मी सांगितलं, आकडा वाचता यायचा नाही, म्हणून दादा नेहमी स्वतःचेच गुण जास्त सांगायचा. मी हिशेबात पक्का, तरी मला त्याला खोटं पाडता आलं नाही. दादाला जाऊन चार वर्षं झाली.

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. त्याने पेचकस उचलला. "किती हलवू?"

"आकडा वाचता येणार नाही, इतकी."