काकांचा डावा कान

नागपुरात तीस वर्षांत गाणाऱ्यांच्या गळ्यातून जेवढ्या म्हणून चुका झाल्या, तेवढ्या सगळ्या एकट्या आमच्या पेटीवाल्या काकांनी केल्या. कुणी सम चुकवली, तर काकांनी चुकवली. कुणी वरचा सूर गाठायला निघालं आणि अर्ध्या जिन्यावरून परत आलं, तर तेही काकांमुळेच. निदान ऐकणाऱ्यांचा तसा पक्का समज होता आणि तो काकांनीच मोठ्या मेहनतीने करून दिला होता. पद्धत साधी होती. गाणारा घसरला रे घसरला की ते मुद्दाम एक भलतीच पट्टी दाबत, भात्यावरचा हात काढून डाव्या कानाची पाळी धरत आणि मान खाली घालत. गाण्याच्या बैठकीत कान धरणं म्हणजे माफी मागणं, हे ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सगळ्या माना काकांकडे वळत. तेवढ्यात गाणारा आपली जागा शोधून घेई. घरी जाताना लोक म्हणत, "गळा छान आहे हो, पेटीवाला तेवढा बदला." काकांच्या डाव्या कानाची पाळी उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब झाली होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

काका आमच्याच गल्लीत, टोकाच्या घरात राहत. नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांची बोटं सारखी चालत असत. त्या सीटवर रोज बसणाऱ्या एका फिटरने, हा माणूस माझ्या मानेमागे टकटक करतो, झोपू देत नाही, अशी सुपरवायझरकडे रीतसर तक्रार केली होती. पाळी संपवून घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पेटी उघडायची. मी कॉलेजात असताना रोज संध्याकाळी सरावाला त्यांच्याकडे जायची. मी भावगीतं म्हणायची आणि माझा गळा बरा होता. भीती मात्र भयंकर होती. समोर चार अनोळखी माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटायची.

गाणाऱ्याच्या भीतीवर काकांकडे उपाय होते, आणि आपण कंपाउंडर आहोत अशा थाटात ते देत. पहिला उपाय खाण्याचा. "पोट भरलं असन त भीतीले बसाले जागाच राहत नाही," असं त्यांचं म्हणणं. काकूंच्या हातच्या सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्यांचा, डबा घेतल्याशिवाय ते कार्यक्रमाला निघत नसत. कामठीच्या एका कार्यक्रमात त्यांनी घाबरलेल्या एका इंजिनिअर गायकाला पाच सांबारवड्या चारल्या. त्याची भीती खरंच गेली, पण आलाप सुरू होताच त्याला मोठी ढेकर आली. काकांनी ताबडतोब कान धरला. ढेकरही आपलीच, असं लोकांना पटवणारा साथीदार मी दुसरा पाहिला नाही.

दुसरा उपाय चपलांचा. कार्यक्रमाआधी ते दाराशी जाऊन चपला मोजून येत आणि गाणाऱ्याला निम्माच आकडा सांगत. "चाळीस जोड आहेत वं फक्त. त्यातले दहा त आपल्याच लोकायचे. टेन्शन काहून घेऊन राहिली?" मग पडदा उघडला की समोर खच्चून भरलेला हॉल दिसे, पण तोवर तबला सुरू झालेला असे आणि पळून जायची सोय नसे. उन्हाळ्यात तर ते हॉलचा कूलर कोणत्या सुरात घरघरतो हेही आधी पाहून ठेवत आणि त्याच्याशी भांडणारी पट्टी गाणाऱ्याला घेऊ देत नसत.

मी एकदा विचारलं, "काका, लोक तुम्हाला कच्चे म्हणतात. वाईट नाही वाटत?" त्यांनी पेटीवरची धूळ फडक्याने पुसली. "गाणाऱ्याची चूक त्याच्यासंगं घरी जाते वं, रात्रभर त्याले झोपू देत नाही. माही चूक मी पेटीत घालतो अन् झाकण लावतो." एवढं बोलून त्यांनी पुढचं गाणं काढलं.

या माणसाला स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट हवी होती. शहरातली एक जुनी संस्था दर हिवाळ्यात मोठं संगीत संमेलन भरवते. बाहेरगावचे नावाजलेले गायक येतात. त्यांच्या शेजारी, मुख्य मंचावर, एकदा पेटी घेऊन बसायचं. एकदाच. त्या वर्षी संस्थेचा नेहमीचा पेटीवाला गाव सोडून गेला होता. चिटणिसांनी निरोप पाठवला की संस्थेच्या छोट्या कार्यक्रमात तुम्हाला ऐकतो आणि मग ठरवतो. त्या छोट्या कार्यक्रमात गाणारी मी होते.

काकूंनी त्या दिवसासाठी कोशाच्या रेशमाचा झब्बा शिवून घेतला होता. काका तो घालून आले तेव्हा झब्ब्याच्या बाह्या सारख्या मागे सारत होते आणि त्यांची बोटं गार पडली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या भीतीला औषध देणारा माणूस मला हळूच म्हणाला, "जरा चपला पाहून येतं का वं?" मी गेले, मोजल्या आणि परत येऊन निम्म्याच सांगितल्या. काका हसले. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं, तरी बरं वाटलं असावं. चिटणीस पहिल्या रांगेत बसले होते.

पहिला अंतरा चांगला गेला. दुसऱ्या अंतऱ्याआधी पेटीवर एक लांब तुकडा होता आणि काका तो इतका सुंदर वाजवत होते की चिटणिसांनी मान डोलावली. ती डोललेली मान मी पाहिली आणि काय झालं कोण जाणे, तुकडा संपायच्या आधीच मी अंतरा उचलला, तोही भलत्याच सुरात. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग चिटणिसांकडे पाहिलं. नुसतं बरोबर वाजवत राहिले असते, तर चूक कुणाची हे अख्ख्या हॉलला कळलं असतं. त्यांनी क्षणभर विचार केला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मग एक बेसूर पट्टी दाबली, भाता सोडला, कान धरला, वर चिटणिसांना हात जोडले. तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवला. मी नीट गायले. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चिटणीस माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पेटीवाल्याने घोटाळा केला, पण तुम्ही डगमगला नाहीत. पुढच्या वर्षी संमेलनात सकाळच्या सत्रात गा." काका दोन हातांवर पेटी उचलत होते. त्यांना हे सगळं ऐकू गेलं. मी तिथेच म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे. मी "हो, आभारी आहे" म्हणाले. मी बावीस वर्षांची होते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण त्याने लाज काही कमी झाली नाही.

संमेलनात मी गायले. त्यातून पुढे कार्यक्रम मिळाले, नाव थोडंफार झालं, आज माझ्याकडे वीस-बावीस मुली शिकायला येतात. काकांना मुख्य मंचाचं बोलावणं कधीच आलं नाही. कोशाचा झब्बा ते दरवर्षी कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेला घालत. एकदा मी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेले. "काका, त्या दिवशीचं मला चिटणिसांना सांगायचंय," म्हटलं. ते दुसऱ्या पाळीला निघाले होते. "कोनत्या दिवशीचं? मले त काही आठवत नाही बाप्पा. पोहे खाऊन जा, बस हुकन माही." आणि गेले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी पोहे खाल्ले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. शेवटची दोन वर्षं उजवा हात कापायचा, त्यामुळे पेटी बंदच होती. तेराव्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी संस्थेच्या त्याच छोट्या हॉलमध्ये त्यांच्या साथीने गायलेले आम्ही सगळे जमलो. मी त्या दिवशीचंच भावगीत निवडलं होतं. पेटीवर एक निवृत्त मास्तर होते, चांगले वाजवणारे. दुसऱ्या अंतऱ्याआधीचा तुकडा सुरू झाला आणि मला काकांची गार बोटं आठवली. मी पुन्हा आधीच उचललं. मास्तर बरोबर वाजवत राहिले आणि सगळा हॉल माझ्याकडे पाहू लागला. त्या बाजूला, जिथे नेहमी एक हात कानाकडे जायचा, तिथे काहीच हललं नाही.

मी थांबले. माझा कान मीच धरला. म्हणाले, "ही चूक माझी आहे. आणि पंचवीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच जागी झालेली चूकही माझीच होती. काकांची नव्हती." कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. आता म्हातारे झालेले चिटणीस काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "केवढं मोठं मन तुमचं! गेलेल्या माणसाची चूकसुद्धा आपल्यावर घेतलीत." मी "नाही हो, खरंच," असं तीनदा म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. बाकीच्यांचंही तेच. मी जितकं सांगेन तितकं माझं मन मोठं होत चाललं होतं.

काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. "काकू, तुम्हाला तरी पटतंय ना?"

"मले माहीतच होतं वं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, झब्बा खुंटीले लटकवला अन् म्हणाले, पोरगी चांगली गाते, पण अंतरा आला का घाई करते. भीतीनं करते. एक श्वास थांबली त कोनाच्या बापाले ऐकत नाही. म्या म्हटलं, मंग सांगा तिले. त म्हणाले, सांगीन, पण आज नाही, आज रडवेली झाली आहे. मंग तू मोठी झाली, त्यायचं सांगाचं राहूनच गेलं." त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. सांबारवड्या होत्या.

आता मी मुलींना शिकवताना अंतऱ्याआधी थांबायला सांगते. "किती थांबायचं, मॅडम?" असं त्या विचारतात. पेटीवाल्याचा हात कानापर्यंत जाऊन परत येईल तेवढं, असं माझ्या अगदी ओठांवर येतं. पण त्यांनी काकांना पाहिलेलं नाही. म्हणून मी नुसतं "चार मात्रा" म्हणते.